कोट आणि कुता

कुयाने मला पहिल्याच दिवशी नापास केलं होतं.

दुबईत, अल क्वोजमधल्या आमच्या कंपनीत मी ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झालो तेव्हा कुठल्याशा फॉर्मवर सही करायला मला त्याच्या टेबलाकडे पाठवलं. त्याने मान वर न करता विचारलं, "गाव कुठलं, सर?" मी सांगितलं, मुंबई. खरं म्हणजे ठाणे, पण परदेशात गेल्यावर ठाण्याला मुंबई म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. "गावाच्या नावाचा अर्थ?" देवीचं नाव वगैरे मी काहीतरी पुटपुटलो. "आणि त्याआधीचं गाव? आजोबांचं?" मी म्हटलं, कोकणात आहे एक छोटंसं, तुम्हाला माहीत नसणार. "माहीत नाही म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला आणि रजिस्टरात माझ्या नावापुढे पेन्सिलीने 'पेंडिंग' असं लिहून मोकळा झाला. नोकरीच्या पहिल्या दिवशी एवढा अपमान पुरेसा होता. हा माणूस डोक्यात जाणार, असं मी त्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं.

कुया म्हणजे त्याच्या भाषेत थोरला भाऊ. तो फिलिपिन्सचा, पंचावन्नच्या पुढचा, बुटका, कडक इस्त्रीचा. आमची कंपनी इमारतींना काचा आणि अॅल्युमिनियम बसवते आणि कुया तिथला डॉक्युमेंट कंट्रोलर होता. कुठल्या ड्रॉइंगचा नंबर काय, शेवटची रिव्हिजन कुठली, कोणाला कधी पाठवली, हे सगळं त्याच्या हाती. आमचा पठाण ड्रायव्हर आणि जॉर्डनचे मॅनेजरसुद्धा त्याला कुयाच म्हणायचे. त्याचं खरं नाव बहुतेक फक्त व्हिसाच्या कागदावर उरलं होतं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, अडलं की हिंदीत. इतक्या वर्षांत तो कामापुरती हिंदी शिकला होता, पण तिच्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग ही भानगड त्याने ठेवली नव्हती. गेल्या वर्षी तो कायमचा घरी गेला आणि तेव्हापासून आमच्या ड्रॉइंगांचे नंबर चुकताहेत.

एका अक्षरासाठी तो कुणाशीही भांडायचा. एकदा काचेच्या पॅनेलांनी भरलेला ट्रक साइटवर निघाला होता आणि हा वर्कशॉपच्या गेटमध्ये फाइल छातीशी धरून उभा राहिला. त्याच्या मते लेबलवर डाव्या बाजूचं अक्षर पडलं होतं आणि माल उजव्या बाजूचा होता. आमचे फोरमन अण्णा चिपळूणकडचे, आवाजाने खणखणीत. "कुया, यल्ला, हटो! एक अक्षर का क्या है, साइट पे देख लेगा!" कुया हलला नाही. शेवटी ट्रक उघडला, तर आतले सगळे पॅनेल खरोखरच उलट्या बाजूचे. अण्णा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत परत गेले. कुया मला म्हणाला, "सर, टायपिंग मिस्टेक अशी गोष्ट जगात नाही. कोणीतरी न वाचता केलेली सही असते."

हे एवढं अक्षराचं वेड कुठून आलं, ते मला पुढे कळलं. त्याच्या कपाटात कंपनीच्या फाइलींखाली एक खण त्याच्या घरच्या प्रोजेक्टचा होता. त्याच्या गावातल्या प्रत्येक टेकाडाला, ओढ्याला, वळणाला, नारळाच्या बागेला त्याने ड्रॉइंगसारखा नंबर दिला होता. नाव, अर्थ, कोणी सांगितलं, सांगणारा जिवंत आहे की गेला, अशा सगळ्या नोंदी. बावीस वर्षं दर सुट्टीत घरी जाऊन त्याने काय केलं, तर म्हाताऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून नावं उतरवून घेतली. त्याची बायको म्हणायची की हा घरी येतो तो साइट व्हिजिटला येतो.

नावांच्या बाबतीत तो आम्हालाही सोडायचा नाही. "नऊ वर्षं अल क्वोजमध्ये पगार खाताय सर, आणि क्वोज म्हणजे काय ते ठाऊक नाही?" त्याने ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक अरबाला विचारून वाळूची टेकडी असा अर्थ मिळवला होता. शनिवारी तो बर दुबईला जाऊन अब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या नावेत बसायचा, खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर आणि परत. एकदा मलाही घेऊन गेला. मला वाटलं, मीना बाजारात काही खरेदी असेल. पण हा आपला नावेत बसून खाडीच्या वळणाकडे बोट दाखवतोय. "बघा सर, समुद्रातून कोणी आत आला तर आधी कुठून दिसेल? तिथून. मग पहारा कुठे बसवाल? तिथेच. आमच्या नदीचं तोंड अगदी असंच आहे." तिसऱ्या फेरीला नावाडी आमच्याकडे संशयाने बघायला लागला.

त्याच्या त्या नदीच्या तोंडाशी एक वाडी होती. त्याची आई तिथे राहायची, तोही तिथेच जन्मला. आणि त्या वाडीच्या नावावरून त्याच्या आयुष्याचा सगळा झगडा होता.

फिलिपिन्समध्ये गावांना नावं कशी पडली, याची एक ठरलेली गोष्ट आहे म्हणे. स्पॅनिश शिपाई येतो, शेतकऱ्याला विचारतो, ह्या जागेचं नाव काय? शेतकऱ्याला भाषा कळत नाही. त्याला वाटतं, हा समोरच्या झाडाचं विचारतोय. तो झाडाचं नाव सांगतो, शिपाई ते लिहून घेतो, की झालं गावाचं बारसं. ही गोष्ट निघाली की कुयाचे कान लाल व्हायचे. "प्रत्येक गावात तोच शिपाई आणि तोच मठ्ठ शेतकरी! आणि शिपाई यायच्या आधी आमची माणसं संध्याकाळी घरी कशी जात होती, सर? पत्त्याशिवाय?"

त्याच्या वाडीची गोष्ट तर आणखी वाईट होती. नकाशात वाडीचं नाव 'कुतो'. कुतो म्हणजे डोक्यातली ऊ. गोष्ट अशी, की शिपाई आला तेव्हा नदीकाठी दोन बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत बसल्या होत्या. त्याने नाव विचारलं, त्या म्हणाल्या, कुतो. गावच्या जत्रेत दरवर्षी हे नाटक स्टेजवर व्हायचं आणि त्यातली उवांची बाई म्हणून वाडीतलीच एखादी मुलगी उभी करायचे. कुयाची आई दहा वर्षांची असताना तिलाही केलं होतं. सगळं गाव हसलं. तेव्हापासून तिने बाहेर कुठेही वाडीचं नाव सांगितलं नाही. कोणी विचारलं तर चर्चजवळ राहते म्हणायची, आणि चर्च तिच्या घरापासून चांगलं तासाभराच्या चालीवर होतं.

कुयाचं म्हणणं होतं की नाव 'कुतो' नाहीच. ते 'कुता'. म्हणजे लहान किल्ला. पूर्वी समुद्रातून लुटारू यायचे, त्यांना अडवायला नदीच्या तोंडावर मातीचा आणि लाकडाचा कुता होता. पुढे कोण्या कारकुनाच्या लेखणीतून रोमन लिपीतल्या 'आ'ची (a) शेपटी गळली, त्याचा 'ओ' (o) झाला आणि मग त्या 'ओ'ला शोभेल अशी गोष्ट लोकांनी रचली. पुरावा म्हणून त्याच्याकडे चर्चच्या जुन्या वहीतल्या एका पानाचा फोटो होता. पण नेमकं ते अक्षर डागाखाली. मी स्क्रीनवर आठपट मोठं करून बघितलं. 'आ' म्हटलं तर 'आ', 'ओ' म्हटलं तर 'ओ'.

माझा आणि ह्या प्रकरणाचा संबंध आला तो चहाच्या वेळी. अण्णांनी सहज विचारलं, "कुया, आपका गाँव कौन सा?" आणि कुया छाती काढून म्हणाला, "मैं कुता का आदमी."

"क्या? कुत्ते का आदमी?" अण्णांच्या हातातला चहा सांडला. सगळं वर्कशॉप हसलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त मी हसलो. कुया शांतपणे माझ्याकडे वळला आणि अर्थ काय तो विचारला. मी डोळे पुसत सांगितला. त्याने खिशातली वही काढून लिहूनही घेतला. "माझ्या भाषेत ऊ, हिंदीत कुत्रा. प्राणी वाढला, सर. प्रगती आहे." मग म्हणाला, "हिंदी तुमची भाषा नाही ना? तुमच्या भाषेत काय म्हणतात? किल्ल्याला, पण छोट्या, मातीच्या, खाडीच्या तोंडावरच्या?"

"कोट," मी म्हटलं. आणि माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

कारण आजोबांचं ते गाव, ज्याच्यापायी माझ्या नावापुढे 'पेंडिंग' लिहिलेलं होतं, त्याचं नावच कोट. खाडीच्या तोंडावर. माझ्या आयुष्यात हा शब्द मी हजारदा लिहिला असेल आणि एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. कुयाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं. "किल्ला आहे अजून?" "नाही हो, काही नाही. दगडसुद्धा नाहीत." "मग किल्ला होता हे कशावरून?" मी म्हटलं, "अहो, कशावरून म्हणजे? गावाला कोट म्हणतात ना!"

"एक्झॅक्टली!" तो ओरडला आणि सगळ्या वर्कशॉपने पुन्हा वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी त्याने मला गावी काकांना फोन करायला लावला. काकांशी मी दिवाळीला दोन मिनिटं बोलायचो, तेवढाच संबंध. मी विचारलं, काका, आपल्या कोटाच्या आसपास जागांची नावं काय आहेत? पलीकडे काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "तुला जमीन विकायची आहे काय रे?" नाही म्हणून शपथ घेतल्यावर त्यांचा आवाज बदलला. पाऊण तास बोलत होते. बुरुजाचा माळ, खंदकातली बाग, पहाऱ्याची पाणंद, दिंडीदरवाजा. "दरवाजा आहे?" मी विचारलं. "दरवाजा कुठला! दोन आंब्यांच्या मधली वाट. पण म्हणतात दिंडीदरवाजाच." शेवटी म्हणाले, "बरं वाटलं बाबा. माझ्यानंतर हे कोण विचारणार होतं?" मला त्यांच्या बोलण्याने लाज वाटली. शेजारच्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, हू आर यू शाउटिंग अॅट?" मी म्हटलं, इकडे ये, तुला आपलं गाव दाखवतो. ती म्हणाली, "वी हॅव अ गाव?"

दुसऱ्या दिवशी ही यादी बघून कुया खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. इतकी वर्षं तो एका अक्षराच्या मागे होता. पण काकांच्या यादीत एकटा कोट नव्हता, त्याच्याभोवती बुरूज, खंदक, पहारा सगळे उभे होते. त्याने आपला खण उपसला. वाडीच्या उजव्या हाताला एक उंचवटा होता, त्याचं नाव बांतायान, म्हणजे पहारा देण्याची जागा. त्याच्या मागे तांबुलियान, जिथे शिंग फुंकतात ती. दोन्ही नावं त्याने स्वतःच वीस वर्षांपूर्वी लिहून, नंबर घालून, वेगवेगळ्या फाइलींत ठेवली होती. "मी किती गाढव आहे," तो म्हणाला. "डॉक्युमेंट्स होती, सर. क्रॉस रेफरन्स केला नव्हता."

मी कोटाचा आणि कुताचा नकाशा शेजारी शेजारी काढायला घेतला. हे होईपर्यंत तिकडून बातमी आली की गावची कौन्सिल वाडीचं नाव बदलायला निघाली आहे. नवीन नाव 'बागोंग पाग-आसा', म्हणजे नवी आशा. अर्ज वाडीतल्याच लोकांचा होता आणि त्यावर पहिली सही कुयाच्या आईची होती.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, पाग-आसातला आसा म्हणजे आमची आशाच की. चांगलं नाव आहे, आईलाही बरं वाटेल. दोन दिवस कुया माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत त्याने मला पेन्सिलसुद्धा ट्रान्समिटल फॉर्म, म्हणजे दिल्या-घेतल्याची रीतसर पावती भरून दिली. तिसऱ्या दिवशी आपणच माझ्या टेबलाशी आला. "आई चुकली नाही," तो म्हणाला. "सत्तर वर्षं लोक तिच्या डोक्याकडे बघून हसले. तिला ते नाव पुसायचं आहे. पण ते पुसलं की ती गोष्टच खरी ठरेल, सर. लोक म्हणतील, बघा, उवा होत्या म्हणून तर बदललं. मला ती गोष्ट तिच्यावरून पुसायची आहे." मी उरलेला नकाशा त्याच दिवशी पुरा केला.

कौन्सिलची सभा तिकडे दुपारी दोनला होती, म्हणजे आमच्याकडे सकाळी दहाला. कुयाने व्हिडिओवरून बोलायची परवानगी मिळवली. आमच्या मॅनेजरनी मीटिंग रूम दिली. "वन अवर, कुया. देन खलास." असं म्हणून ते स्वतःच दाराला टेकून उभे राहिले. अण्णा वर्कशॉपमधून हात पुसत आले आणि मागे बसले.

पडद्यावर एक लांबट हॉल दिसत होता. समोर टेबलाशी पांढऱ्या शर्टातले अध्यक्ष, बाजूला टाइप करणारी सेक्रेटरी, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वाडीतली माणसं. पहिल्या रांगेत फुलाफुलांच्या झग्यातली एक लहानखुरी म्हातारी होती. कुया हळूच म्हणाला, "नानाय." म्हणजे आई. तिने पडद्याकडे पाहिलं, पण हसली नाही.

एका मेंबरने सुरुवातीलाच विचारलं, किल्ला होता तर त्याचा एक तरी दगड दाखवा. कुया उठून उभा राहिला. त्याने माझा नकाशा पडद्यावर लावला. इकडे कोट, बुरुजाचा माळ, पहाऱ्याची पाणंद. तिकडे कुता, बांतायान, तांबुलियान. मग तो आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि हॉलमध्ये हशा पिकला. नंतर त्याने मला अर्थ सांगितला. तो म्हणाला होता, "उवांवर पहारा कोण बसवतं? उवा आल्या म्हणून शिंग कोण फुंकतं?" वाडीतली माणसंही हसत होती. त्या हॉलमध्ये ह्या विषयावर ती बहुधा पहिल्यांदाच हसली असतील.

मग त्याने मला पुढे ओढलं. मी इंग्रजीत बोलत होतो, तो एकेक वाक्य फिरवून सांगत होता. मी सांगितलं की आमच्या कोटाचाही दगड उरलेला नाही. पण माझ्या काकांना खंदक कुठे होता ते विचारलं तर ते बागेत नेऊन उभं करतील. माझं झालं असं वाटलं, तेवढ्यात म्हातारी उठली. तिने थेट मलाच विचारलं. कुयाने खाली बघत भाषांतर केलं, "नानाय विचारते, तुमच्या गावची माणसं बाहेर गेल्यावर गावाचं नाव सांगतात का?"

पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं, ते कुयाला पाठ होतं. मी म्हटलं, "मी नाही सांगितलं. मी मुंबई सांगत आलो. मला कोणी हसलंही नव्हतं, तरी नाही सांगितलं." कुयाने तेही जसंच्या तसं फिरवलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी खिशातला एमिरेट्स आयडी काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. "पण मला ते लपवता येत नाही, नानाय. हे माझं आडनाव, कोटकर. कोट म्हणजे ती जागा, आणि कर म्हणजे तिथला. आम्ही किल्ला घालवला, गाव सोडलं, इथे वाळूत येऊन राहिलो. पण आमची प्रत्येक पिढी हे नाव अंगावर घेऊन जन्मते. माझी मुलगी शाळेत रोज ते लिहिते." ह्या आडनावाचा मला इतका अभिमान त्याआधी कधीच वाटला नव्हता.

कोटकरसाठी कुयाने आपल्या भाषेत, आपल्या उच्चारात शब्द जुळवला, "तागा-कोत." तागा म्हणजे तिथला. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर कुजबुज झाली. कोणीतरी तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला.

अध्यक्षांनी शेजारच्यांशी बोलून घेतलं. मग म्हणाले, अर्जावर पहिली सही नानायची आहे. तिने अर्ज मागे घेतला तर नाव बदलायचं कारण नाही, एक अक्षर दुरुस्त केलं की पुरे. नाही तर आत्ता मतदान घेऊ. कुया मला हे सांगत होता, पण त्याची नजर पडद्यावरून हलत नव्हती. म्हातारी बराच वेळ झग्याची घडी नीट करत बसली. मग उठून तिने दोन शब्द सांगितले. कुया म्हणाला, "मागे घेते म्हणाली." मागे अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"रेकॉर्डसाठी," सेक्रेटरी म्हणाली, "नाव आणि राहण्याचं ठिकाण सांगा."

नानायने नाव सांगितलं. मग ती हॉलमधल्या माणसांकडे वळली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, आणि मोठ्याने म्हणाली, "तागा-कुता."

कुयाने भाषांतर केलं नाही. कोणी विचारलंही नाही.

सेक्रेटरीची बोटं की-बोर्डवर अडली. तिने चष्म्यावरून बघत विचारलं, "शेवटचं अक्षर?"

म्हातारीने मान वर केली, दात नसलेलं तोंड सगळ्या गावासमोर पुरतं उघडलं आणि म्हणाली, "आ!"